हंडी पंधरा किलोची, मग कठडा का वाकला?

प्रश्न : आमच्या मंडळाची हंडी समोरासमोरच्या दोन इमारतींच्या मधे लागते. दही, पाणी, हार-तुरे धरून ती पंधरा किलोच्या वर जात नाही. यंदा सरावासाठी दोर बांधला, छान ताठ ओढला आणि हंडी लटकवली, तर एका गॅलरीचा लोखंडी कठडा बाहेरच्या बाजूला वाकला. त्याच कठड्याला टेकून एरवी चार माणसं उभी असतात, तेव्हा काही होत नाही. मग पंधरा किलोनं तो कसा वाकेल? सगळे म्हणतात, कठडा गंजला होता. – एक कार्यकर्ते, डोंबिवली

उत्तर : गंज असेलही, पण ‘छान ताठ ओढला’ हे तुमचेच शब्द मला जास्त महत्त्वाचे वाटतात.

कागद घ्या. इमारती काढू नका, गॅलरी नको, थर नकोत. हंडीची दोरी मोठ्या दोराला जिथे बांधली आहे ती गाठ तेवढी एका ठिपक्यानं दाखवा. आता कात्री घेऊन त्या गाठीच्या तिन्ही बाजूंचे दोर कापले आहेत असं समजा. कापलेला दोर गाठीला ज्या दिशेनं ओढत होता, त्या दिशेला बाण काढा. खाली हंडीच्या वजनाचा एक बाण. डावीकडे किंचित वर जाणारा एक, उजवीकडे किंचित वर जाणारा एक. बस. यालाच फ्री बॉडी डायग्राम म्हणतात. मी तंत्रनिकेतनात उपयोजित यांत्रिकी शिकवायचे तेव्हा ही आकृती काढल्याशिवाय समीकरण लिहिलेली वही मी तपासतच नसे. अजूनही माझं मत तेच आहे : कुठली वस्तू वेगळी काढायची आणि तिला कोण कोण हात लावून आहे, हे ठरवण्यात खरं काम असतं. पुढे उरते ती बेरीज-वजाबाकी.

गाठ स्थिर आहे. म्हणजे वरखाली ओढणाऱ्या बलांची बेरीज शून्य, आणि डावी-उजवीकडे ओढणाऱ्यांचीही शून्य. हंडीचं वजन पंधरा किलो, म्हणजे ९.८१ नं गुणून साधारण १४७ न्यूटन. ते पेलायला वरच्या दिशेला काय आहे? दोन दोरांच्या ताणाचे फक्त उभे भाग. दोर जवळपास आडवा असेल तर त्याच्या ताणातला अगदी थोडा अंश उभा असतो. उरलेला सगळा ताण आडवा जातो आणि हंडी उचलायच्या कामी येत नाही.

आकडे घालून बघू. दोन इमारतींमधलं अंतर बारा मीटर धरा, हंडी बरोबर मधोमध आणि दोराला झोळ अर्धा मीटर. दोराचा आडव्याशी कोन पाच अंशांहूनही थोडा कमी भरतो आणि त्याचं साइन ०.०८३ येतं. दोन्ही बाजूंचे उभे भाग मिळून १४७ न्यूटन हवेत, म्हणून एका बाजूचा ताण १४७ भागिले ०.१६६, म्हणजे जवळपास ८८६ न्यूटन. किलोच्या भाषेत ९० किलो. पंधरा किलोच्या हंडीसाठी प्रत्येक टोकाला नव्वद किलोची ओढ! झोळ आणखी कमी करून वीतभर, म्हणजे २० सेंटीमीटर ठेवलात तर हीच ओढ सव्वादोनशे किलोवर जाते. उलट दोन मीटर झोळ सोडलात तर ती २४ किलोवर उतरते. हंडी तीच, दोर तोच.

चार माणसं टेकतात तेव्हा त्यांचं वजन गॅलरीच्या लादीवर असतं, कठड्याला फक्त थोडा रेटा बसतो. तुमचा दोर मात्र कठड्याला वरच्या पट्टीपाशी धरून जवळजवळ सरळ बाहेर ओढत होता. गाठीपाशी डावी आणि उजवी आडवी ओढ एकमेकींना रद्द करतात, म्हणून हंडी जागची हलत नाही. कठड्यापाशी ती ओढ रद्द करायला दुसरा दोर नसतो, तिथे कठड्यालाच ती सोसावी लागते.

आता मला ज्याची खरी काळजी वाटते ते सांगते. वरच्या थराचा गोविंदा घसरताना हंडीला किंवा दोराला धरतो. साठ किलोचा मुलगा मधोमध लटकला तर वजन एकदम पाचपट होतं. झोळ अर्धाच मीटर राहिला असं धरलं तर प्रत्येक टोकाला ४,४३० न्यूटन, म्हणजे साडेचारशे किलोच्या आसपास ओढ येईल. प्रत्यक्षात दोर ताणून लांबतो, झोळ वाढतो आणि ओढ थोडी उतरते. पण पडताना बसणारा हिसका ती परत वाढवतो. म्हणून कठडा, खिडकीचे गज, पाण्याचे पाइप यांना दोर बांधूच नका. आरसीसी खांबाला वेढा घेऊन बांधा, झोळ भरपूर सोडा आणि दोर वर चढवण्याआधी एखाद्या स्थापत्य अभियंत्याला दोन्ही टोकं दाखवा. दोर आडव्या रेषेसारखा दिसावा हा हट्ट सोडून द्या. मधे काहीही लटकत असताना तो पूर्ण सरळ होऊच शकत नाही. कितीही ओढलात तरी उभा भाग मिळवण्यापुरता कोन त्याला लागतोच.

प्रश्न : मी अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाला आहे. सर फळ्यावर सोडवतात तेव्हा सगळं कळतं, स्वतः बसले की सुरुवातच सुचत नाही. उदाहरण असं : दोर क-ख-ग-घ. क आणि घ ही टोकं भिंतींना बांधलेली. क-ख आडव्याशी ६० अंश, ख-ग आडवा, ग-घ ३० अंश. ख ला ३० किलो लटकवले आहेत. ग ला किती वजन लटकवावं म्हणजे दोर याच आकारात राहील? वजन ग ला विचारलं आहे म्हणून मी ग पासून सुरू केलं आणि अडकले. – एक विद्यार्थिनी, कराड

उत्तर : तू अडकलीस ते ग ची निवड केलीस म्हणून. ग भोवती कात्री फिरव आणि बाण मोज : ख कडे जाणारा ताण माहीत नाही, घ कडे जाणारा माहीत नाही, खालचं वजनही माहीत नाही. एका ठिपक्यासाठी कागदाच्या पातळीत दोनच समीकरणं मिळतात, एक आडवं आणि एक उभं. तीन अज्ञातं दोन समीकरणांतून निघणार नाहीत. यात तुझ्या बीजगणिताचा काही दोष नाही.

आता ख कडे जा. तिथे ३० किलो, म्हणजे २९४.३ न्यूटन माहीत आहेत, अज्ञातं दोनच. उभ्या दिशेला फक्त क-ख चा ताण काम करतो, कारण ख-ग आडवा आहे. म्हणून क-ख चा ताण गुणिले साइन ६० बरोबर २९४.३, आणि ताण ३३९.८ न्यूटन. त्याचा आडवा भाग, ३३९.८ गुणिले कॉस ६०, म्हणजे १६९.९ न्यूटन. तोच ख-ग चा ताण.

हा १६९.९ घेऊन ग कडे ये. इथे एक गोष्ट लक्षपूर्वक कर. ख च्या आकृतीत ख-ग चा बाण ग कडे, म्हणजे उजवीकडे होता. ग च्या आकृतीत तोच दोर ग ला ख कडे, म्हणजे डावीकडे ओढतो. मुलं ख च्या आकृतीतला बाण आहे तसा उचलून ग वर ठेवतात आणि उत्तराचं वाटोळं होतं. दोर ज्या गाठीला धरतो तिला नेहमी स्वतःकडे ओढतो, ढकलत कधीच नाही. एवढं पक्कं ठेवलंस तर दिशा चुकणार नाही. ग-घ चा ताण गुणिले कॉस ३० बरोबर १६९.९, म्हणून ताण १९६.२ न्यूटन. त्याचा उभा भाग ९८.१ न्यूटन. म्हणजे ग ला बरोबर १० किलो लटकवायचे.

उत्तरात एखाद्या दोराचा ताण ऋण आला तर तो तसाच लिहून पुढे जाऊ नकोस. दोर ढकलतोय असा त्याचा अर्थ होतो आणि ते घडत नाही. एक तर आकृतीत बाण चुकला आहे, नाही तर तो दोर सैल पडलेला आहे.

आणखी एक सुचवते. तुमच्या प्रयोगशाळेत युनिव्हर्सल फोर्स टेबल असेल : अंश आखलेली गोल तबकडी, कडेला कप्प्या, मधे एक कडं आणि त्याला बांधलेल्या दोऱ्यांच्या टोकांना पारडी. प्रात्यक्षिकाच्या तासाला सगळे आकडे लिहून मोकळे होतात. तू एकदा शांतपणे मधली खिळी काढून कड्याला बोटानं किंचित ढकलून बघ. वजनं आणि कोन बरोबर असतील तर ते परत मध्यावर येतं. आपला ठिपका, म्हणजेच पुस्तकातला ‘कण’, म्हणजे तुझ्यासमोरचं ते कडं.

प्रश्न : आमच्या वर्कशॉपमध्ये दोन टनांचं मशीन दोन स्लिंग (जड वस्तू उचलायचे दोर किंवा पट्टे) लावून क्रेननं उचलतो. एक जुने खलाशी (अवजड सामान हलवणारे कामगार) नेहमी ओरडतात, ‘स्लिंग पसरू नका, हूक उंच घ्या.’ शेडची उंची कमी असल्यामुळे स्लिंग आखूड घ्याव्या लागतात. वजन तर तेच आहे, मग दोन टनांसाठी एक टनाच्या दोन स्लिंग का चालू नयेत? – सुपरवायझर, चाकण

उत्तर : ते खलाशी बरोबर आहेत, आणि तुम्ही त्यांचं आजच ऐकावं अशी माझी कळकळीची विनंती आहे. एक टनाच्या दोन स्लिंग फक्त एकाच स्थितीत चालतील : दोन्ही अगदी उभ्या असताना. दोन स्लिंग एका हुकात आल्या की त्या उभ्या राहत नाहीत.

इथे ठिपका म्हणून हुकाखालचं कडं घ्या. क्रेन त्याला दोन टनांनी वर ओढते, दोन स्लिंग त्याला तिरक्या खाली ओढतात. हिशेब हंडीचाच, फक्त आकृती उलटी. स्लिंग आडव्याशी ६० अंशात असेल तर प्रत्येकीत १,१५५ किलोचा ताण. ४५ अंशात १,४१४ किलो. ३० अंशात २,००० किलो, म्हणजे एकेका स्लिंगमध्ये मशीनचं सगळं वजन. १५ अंशात ३,८६० किलोच्या वर. म्हणून ३० अंशांच्या खाली कधी उतरायचं नाही आणि शक्यतो ६० च्या आसपास राहायचं.

कोणत्या कोनात स्लिंग किती भार घेते हे सांगणाऱ्या तक्त्यातला कोन वाचताना फार सांभाळा. काही तक्त्यांत स्लिंगचा आडव्याशी कोन दिलेला असतो, तर काहींत दोन स्लिंगमधला कोन. दोन स्लिंगमधला १२० अंश म्हणजे आडव्याशी ३० अंश, आणि दोन्हींमधला ६० म्हणजे आडव्याशीही ६०. हे शेवटचं जुळतं म्हणून माणूस निर्धास्त होतो आणि इतर ठिकाणी फसतो. तक्त्यावर छोटी आकृती असते, ती आधी बघा, आकडा नंतर.

ताणाचा आडवा भाग मशीनला दोन्ही बाजूंनी आत दाबतो, हेही विसरू नका. ४५ अंशात हा दाब प्रत्येक बाजूनं एक टन होतो. पातळ पत्र्याची बॉडी त्यानं चेपते, आणि आयबोल्ट, म्हणजे स्लिंग अडकवायचा डोक्याशी कडं असलेला बोल्ट, बाजूला ओढला गेल्यानं वाकतो. साधा, कॉलर नसलेला आयबोल्ट सरळ वरच्या ओढीसाठीच असतो. शेडची उंची खरोखरच कमी असेल तर लिफ्टिंग बीम, म्हणजे मधोमध एका कड्यानं हुकाला टांगलेली आडवी तुळई, वापरा. त्याच्या खालच्या दोन स्लिंग उभ्या राहतात आणि मशीन दाबलं जात नाही. बीमच्या वर दोन तिरक्या स्लिंग लावल्यात तर त्यांना मात्र हाच कोनाचा हिशेब लागू आहे.

तुम्ही विचारलं नाहीत, तरी सांगते : चार स्लिंग लावल्या म्हणजे प्रत्येकीवर पाव वजन आलं असं धरू नका. ठिपक्याला तिन्ही दिशांचा विचार करून तीनच समीकरणं मिळतात. चार अज्ञात ताण त्यांतून ठरत नाहीत, ते ठरतात स्लिंगच्या लांबीतल्या सूतभर फरकावरून आणि मशीन किती ताठ आहे त्यावरून. एखादी स्लिंग बोटभर लांब असेल तर ती सैलच लोंबते आणि तिच्या वाट्याचं ओझं दुसऱ्या उचलतात. म्हणून चार लावल्या तरी दोघींवरच सगळं वजन येईल असं धरून त्या निवडा.

प्रश्न : दोराला गाठ मारण्याऐवजी वजन एका गुळगुळीत कड्यातून ओवलं आणि दोराची दोन टोकं वेगवेगळ्या उंचीवर बांधली, तर कडं कुठे थांबेल? मुलांनी वर्गात विचारलं. – एक शिक्षक, वाई

उत्तर : मुलांनी फार चांगलं विचारलं आहे. गाठ असते तेव्हा दोन बाजूंचे दोर म्हणजे दोन वेगळे दोरच असतात, ताण वेगवेगळे असू शकतात. कडं गुळगुळीत असेल तर दोर त्यातून सरकतो, म्हणून दोन्ही बाजूंना ताण एकच. आता कड्याची आकृती काढा. आडव्या दिशेला दोन समान ताणांनी एकमेकांना तोलायचं, तर दोन्ही बाजूंचे कोनही समान हवेत. कडं घसरत घसरत हे कोन सारखे होतील तिथे थांबतं, आणि ती जागा खालच्या टोकाच्या जवळ असते.

गंमत पुढे आहे. कोन सारखे असल्यामुळे दोराची पूर्ण लांबी गुणिले कॉस म्हणजे दोन भिंतींमधलं अंतर. भिंती १२ मीटरवर आणि दोर १३ मीटरचा असेल तर कॉस १२/१३ आणि साइन ५/१३. ताण येतो वजनाच्या १.३ पट. यात टोकांच्या उंचीचा फरक कुठेच आला नाही! एक टोक वर-खाली करा, कडं सरकेल, पण ताण तोच राहील. (तो फरक ५ मीटरपेक्षा कमी हवा. ५ मीटरला दोर सरळ ताणला जाऊन कडं खालच्या टोकालाच जाऊन बसेल, त्यापुढे दोर पुरणारच नाही.) वर्गात दोन खुंट्या, सुतळी, किल्ल्यांचं कडं आणि एक स्प्रिंग बॅलन्स घेऊन हे दहा मिनिटांत दाखवता येतं. स्प्रिंग बॅलन्स सुतळीच्या एका टोकाशी लावा आणि दुसरं टोक वर-खाली करा.

प्रश्न : २० किलोचा गोल रूळ एका खाचेत ठेवला आहे. खाचेची एक बाजू आडव्याशी ३० अंश, दुसरी ६० अंश. लामीच्या सिद्धांतानं (तोललेल्या तीन बलांतलं प्रत्येक बल उरलेल्या दोघांमधल्या कोनाच्या साइनच्या प्रमाणात असतं) सोडवलं. पुस्तकातले दोन्ही आकडे आले, पण अदलाबदल होऊन. – डिप्लोमाचा विद्यार्थी, लातूर

उत्तर : तुझी चूक मला इथूनच दिसते आहे. पृष्ठभागाचा ३० अंश तू प्रतिक्रियेलाच देऊन टाकलास. गुळगुळीत पृष्ठभाग वस्तूला काटकोनात ढकलतो, म्हणून ३० अंशांच्या उतारावरची प्रतिक्रिया उभ्या रेषेशी ३० अंश करते, आडव्या रेषेशी ६०. आकृती मोठी काढ, दोन्ही प्रतिक्रिया रुळाच्या मध्यातून जाऊ दे आणि मग कोन मोज. ३० अंशांच्या बाजूवर १६९.९ न्यूटन येतात, ६० च्या बाजूवर ९८.१. पडताळायला सोपं आहे : उतार कमी करत करत सपाट केला तर तोच सगळं वजन घेईल, म्हणून कमी उताराच्या बाजूवर जास्त भार यायलाच हवा.

बर्नार लामी या फ्रेंच धर्मगुरूनं हा सिद्धांत सतराव्या शतकात मांडला. परीक्षेत तो वेळ वाचवतो, पण एका बिंदूत येणाऱ्या तीनच बलांना चालतो. त्याच रुळाला कुणी दोरीनं ओढायला लागलं तर बलं चार होतात, तेव्हा आडवे-उभे घटकच घ्यावे लागतात. मी तर तीन बलांनाही आधी घटक घ्यायला लावीन.

प्रश्न : भिंतीला टेकवलेल्या शिडीचा असाच ठिपका करून हिशेब करता येईल का? रंगकामाला रोज शिडी लागते. – एक वाचक, म्हापसा

उत्तर : नाही, आणि का नाही ते आकृतीतच कळतं. भिंत गुळगुळीत धरून शिडीचा ठिपका केलात तर एवढंच मिळेल की जमीन सगळं वजन पेलते आणि भिंतीचा रेटा पायाशी असलेल्या घर्षणाइतका असतो. तो रेटा किती, हे कळत नाही, कारण माणूस दुसऱ्या पायरीवर आहे की वरून दुसऱ्या, हे ठिपक्याला माहीतच नसतं. शिडी घसरते ती नेमकी त्यामुळेच. माणूस जसा वर चढतो तसं पायाशी जास्त घर्षण लागतं. तिथे बलांची जागाही मोजावी लागते, म्हणजे परिबलाचं समीकरण हवं. ते पुढच्या अंकात सविस्तर घेते. तोवर शिडी चार मीटर उंच टेकत असेल तर तिचा पाय भिंतीपासून एक मीटरवर ठेवा, आणि वरच्या टोकाला काम असेल तेव्हा खाली कुणाला तरी पाय धरून उभं करा.